आई-बाबा दोघंही विम्यात, मग मुलं बाहेर कशी?

ताई, नमस्कार.

मी उचगावात राहते. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार साडेतेवीस हजार. आमचे मिस्टर गोकुळ शिरगावला फौंड्रीत कंत्राटदाराकडं मोल्डिंगला आहेत, त्यांना साडेसतरा हजार मिळतात. त्यांच्या पगारातनं दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, १३२ रुपये कापतात. माझंही आधी ईएसआयच होतं. मुलीचं नाव त्यात होतं, तापाबिपाला तिला तिथल्या दवाखान्यातनं औषधं आणलेली आहेत. दोन वर्षांपूर्वी पगारवाढ झाली तेव्हा ते बंद झालं आणि कंपनीनं मेडिक्लेमचं कार्ड दिलं.

मुलगी दुसरीत आहे, मुलगा पाच महिन्यांचा. दोन महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत मुलगी शाळेच्या घसरगुंडीवरून पडली. कोपराच्या वर हाड मोडलं, रात्रीच ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या. मी माझं मेडिक्लेमचं कार्ड काउंटरवर दिलं, तर म्हणाले यात मुलीचं नावच नाही. नंतर घरी आल्यावर ह्यांचं ईएसआयचं कार्ड काढून बघितलं, तर त्यात फक्त सासू-सासरे. लग्नाआधी नोकरीला लागले तेव्हाची नावं. बिल ५८ हजार झालं. माझ्या पाटल्या सोनेतारणाला ठेवून भरलं.

सासूबाई म्हणतात, "दुसऱ्याचे हिशेब बघतीस आणि पोरीचं नाव घालायचं कळंना होय?" ह्यांच्याशी तेव्हापासून धड बोलणं नाही. मला वाटलं होतं ह्यांच्यात असेल, त्यांना वाटलं माझ्यात आहे. पुढच्या महिन्यात रजा संपते, बाळाला सोडून कामावर जायचंय आणि रात्री झोप लागत नाही. एक एजंट लगेच पंचवीस हजार भरून पॉलिसी काढा म्हणतोय. रेशनकार्ड गारगोटीला सासऱ्यांच्या नावानं आहे, केशरी. माझं नाव अजून माहेरच्या, इचलकरंजीच्या कार्डातच आहे, मुलांची कुठंच नाहीत. आम्ही दोघं विम्यात असून मुलं बाहेर कशी राहिली? आणि आता काय करू?

— एक आई, उचगाव

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी आता बरी असेल, हात सरळ होत असेल असं धरून लिहिते. तारा काढल्यानंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितले असतील तर ते मात्र चुकवू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. आधी तुमचं ईएसआय होतं आणि मुलीचं नाव त्यात होतं. म्हणजे तुम्ही मुलीचं नाव घालायला विसरला नव्हता. तुम्ही ते घातलं होतं. तुमचा पगार वाढला आणि त्या वाढीबरोबर मुलीचं संरक्षण गेलं, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. सासूबाईंना हे असंच सांगा.

झालं काय ते नीट बघू. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे, महिना २१ हजार. १ जानेवारी २०१७ पासून ती तेवढीच आहे. पगार त्याच्या पुढं गेला की माणूस लगेच बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालावधी असतात, त्यातला चालू कालावधी संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि मग नाव निघतं. ईएसआयमध्ये एक चांगली गोष्ट होती: वर्गणी एकाची, उपचार घराला. नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, सगळे त्यात येतात. कंपनीचा मेडिक्लेम तसा नसतो. तो कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो आणि त्यात कोणाकोणाला घ्यायचं हे कंपनी किती हप्ता भरायला तयार आहे त्यावर ठरतं. काही ठिकाणी फक्त कामगार, काही ठिकाणी नवरा-बायको आणि दोन मुलं, थोड्या ठिकाणी आई-वडीलसुद्धा. तुमच्या कंपनीनं पहिला, सगळ्यात स्वस्त प्रकार घेतलेला दिसतो. तुमच्या हातात जुनं कार्ड जाऊन नवं कार्ड आलं, पण आधीच्या कार्डामागं सगळं घर होतं आणि नव्या कार्डामागं तुम्ही एकट्या आहात.

पगारवाढीचं पत्र देताना हे सांगायला एक मिनिट लागतं. कायद्यानं सक्ती नसेल, पण माणुसकीनं सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. अकाउंट्समध्ये तुम्ही स्वतः पगारपत्रकं करत असाल, तर पुढच्या वेळी कोणाचा पगार २१ हजार ओलांडेल तेव्हा त्याला तुम्ही जरूर सांगा.

दुसरीकडं तुमच्या मिस्टरांचं ईएसआय चालूच होतं. ते नोकरीला लागले तेव्हा अविवाहित होते, आई-वडिलांची नावं दिली. लग्न झालं, मुलगी झाली, पण तेव्हा तुमच्याकडं मुलीचं नाव होतंच, मग कशाला दोन ठिकाणी? असा विचार कोणीही करेल. तुमच्या बाजूनं दार बंद झालं तेव्हा त्यांच्या बाजूचं उघडायला हवं होतं. दोघांनाही वाटलं ते उघडंच आहे. तुमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. नवरा-बायको दोघं कमावतात, दोघांच्या खिशात कार्ड, आणि प्रत्येकाला वाटतं मुलं दुसऱ्याच्या कार्डात आहेत.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत २००८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावर एक अभ्यास छापून आला होता: आई-वडिलांपैकी निदान एकाचा विमा असूनही मुलं विम्याबाहेर का राहतात. तिथं आई किंवा वडील एकट्यानं सांभाळत असलेली घरं आणि कमी ते मध्यम उत्पन्नाची घरं यात जास्त सापडली. नोकरीतून मिळणारा विमा बऱ्याचदा कामगारापुरता परवडतो, घराला घ्यायचा तर हप्ता झेपत नाही, आणि सरकारी योजनेच्या मर्यादेपेक्षा मिळकत थोडी जास्त. दोन देशांच्या व्यवस्था अगदी वेगळ्या आहेत, पण पगार थोडा वर गेल्यावर मूल मधल्या फटीत पडणं तिथंही आहे. म्हणून म्हणते, हा दोष आईपणाचा नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी मिस्टरांचं ईएसआय, कारण त्याला एक रुपयाही जास्त लागणार नाही. त्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, ते १३२ रुपये. त्यावर मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे आणखी ५६९ रुपये भरले जातात. तुमच्या घरासाठी दरमहा ७०१ रुपये भरले जात आहेत आणि ज्यांच्यासाठी भरायचे त्या दोन मुलांची नावंच तिथं नाहीत. कायद्याप्रमाणं ही दोन्ही मुलं त्यांच्या ‘कुटुंबात’ आजही आहेत. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं येतात, शिकत असलेली आणि पूर्ण अवलंबून असलेली मुलं २१ वर्षांपर्यंत येतात, अविवाहित मुलगी येते. बायको म्हणून तुम्हीही येता. तुमच्या मुलांचा हक्क शाबूत आहे, फक्त नोंद राहिली आहे.

ही नोंद तुम्हाला करता येणार नाही, त्यांनाच करावी लागेल, कारण ती त्यांच्या मालकाच्या मार्फत किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयात होते. त्यांच्या बाबतीत मालक म्हणजे तो कंत्राटदार, ज्याच्या नावानं वर्गणी भरली जाते. कंत्राटदाराच्या ऑफिसात मुलांचे आधार, जन्मदाखले आणि फोटो द्यायचे आणि कुटुंबाच्या यादीत नावं घालायला सांगायचं. पंधरा दिवसांनी ईएसआयचं ई-पहचान कार्ड पुन्हा काढून त्यावर तुमचं आणि दोन्ही मुलांचं नाव आलं का ते डोळ्यांनी बघायचं. ‘करतो की’, ‘टाकलंय सिस्टीमला’ एवढ्यावर परत येऊ नका.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट विचारा: कंत्राटदार बदलला तेव्हा विमा क्रमांक तोच राहिला का? गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल कुठंही जा, कंत्राटदार बदलतात, माणूस त्याच भट्टीसमोर उभा असतो. एकदा मिळालेला विमा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच चालवायचा असतो. पण नवा कंत्राटदार घाईत नवाच क्रमांक काढतो. मग जुन्या क्रमांकावरची घरच्यांची नावं तिथंच राहतात आणि भरलेली वर्गणीही दोन ठिकाणी विभागते, जी मोठ्या उपचाराच्या वेळी मोजली जाते. दोन क्रमांक निघाले असतील तर शाखा कार्यालयात जाऊन एकत्र करून घ्यायचे. कंत्राटदार दाद देत नसेल तर १८००-११-२५२६ हा ईएसआयचा मोफत क्रमांक आहे. शाखा कार्यालयात थेट गेलं तरी चालतं, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर फसवणूक वाटणार नाही. ईएसआयचं कार्ड घेऊन कुठल्याही खाजगी दवाखान्यात जाता येत नाही. आधी त्यांचा दवाखाना किंवा नेमलेले डॉक्टर, मग त्यांचं रुग्णालय, तिथं सोय नसेल तर त्यांच्या चिठ्ठीवर करार केलेलं रुग्णालय. जीव धोक्यात असेल अशा वेळी जवळच्या रुग्णालयात जाऊन नंतर खर्च मागण्याची सोय आहे, पण ती अटींवर आणि कागदांवर. त्यामुळं नावं घातली की त्याच आठवड्यात मुलांचा दवाखाना कुठला, तो किती वाजता उघडतो, सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं हे विचारून ठेवा. बाळाला घेऊन एकदा साध्या सर्दीसाठी का होईना जाऊन या.

बाळाच्या कागदांबद्दल थोडं. दाखला काढला असेल, पण त्यावर नाव आहे का बघा. जन्माची नोंद रुग्णालय करतं तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते आणि घरचे तो दाखला कपाटात ठेवून देतात. जन्मनोंदीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही; त्यानंतर १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. म्हणून ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथं आधी नाव घाला. मग निळं बाल आधार काढा, पाच वर्षांखालच्या मुलांना त्यासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारवर ते निघतं. मुलीचं आधार पाच वर्षांच्या आधी काढलेलं असेल तर पाच वर्षांनंतर ठसे द्यायचे राहिले नाहीत ना, तेही बघा. एवढं झालं की पुढची सगळी दारं उघडतात.

आता तुमच्या पाटल्यांचं. ५८ हजारांपैकी काही परत मिळू शकेल अशी एक वाट आहे आणि ती पालकांना फार कमी माहीत आहे. महाराष्ट्रात इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ आहे. हप्ता भरायचा नाही, नाव नोंदवायचं नाही, मूल शाळेच्या पटावर असलं की पुरे. २०२२ साली शासनानं ती सुधारली तेव्हा अपघातामुळं शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष झालेला खर्च, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत, देण्याची तरतूद त्यात केली. तुमची मुलगी दुसरीत आहे, शाळेच्या आवारात पडली आणि शस्त्रक्रिया झाली. अर्ज शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो. उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, बिलाच्या मूळ पावत्या, औषधांची बिलं, एक्स-रे, शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र हे सगळं एका फाइलीत लावून न्या आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही, प्रकरण समितीपुढं जातं आणि वेळ लागतो. पण दोन महिने होऊन गेलेत, आता अजून दिवस घालवू नका. आणि हे करताना शाळेशी भांडणाचा सूर लावू नका. शाळेच्या सहीशिवाय अर्ज पुढं जात नाही, आणि शाळेवर दोष यावा म्हणून हा अर्ज नसतोच.

रेशनकार्डाकडं येते. केशरी कार्ड गारगोटीला, तुमचं नाव इचलकरंजीला, मुलांचं नाव कुठंच नाही. हे वाचून मला जास्त काळजी वाटली, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा रस्ता या कार्डावरून जातो. आधीची राजीव गांधी जीवनदायी योजना ती हीच, २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. पूर्वी पिवळं-केशरी कार्ड आणि वर्षाला दीड लाख अशी तिची ओळख होती. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा, वर्षाला घरटी ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आणि आयुष्मान भारतमध्ये मिळून आहे. माणसांच्या संख्येची किंवा वयाची अट नाही. म्हणजे तुमच्या घराला हे तिसरं संरक्षण आधीच आहे, पण मुलं त्या घराच्या कागदावर आलेली नाहीत.

तुमचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून घ्या, तो कमी केल्याचा दाखला घ्या आणि सासऱ्यांच्या कार्डात तुमचं आणि दोन्ही मुलांचं नाव चढवा. ते काम गारगोटीच्या तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत होईल. किंवा तुम्ही कायम उचगावातच राहणार असाल तर विभक्त कार्ड काढून करवीर तालुक्यात या. मला विचाराल तर दुसरा मार्ग लांबचा असला तरी बरा, कारण दर वेळी एका सहीसाठी गारगोटी गाठायला लागणार नाही. पण आधी नावं चढवा, मग कार्ड वेगळं करा. दोन्ही एकदम करायला गेलात तर मधल्या काळात नाव धड कुठंच नाही अशी अवस्था होते.

या योजनेत सगळे आजार आणि सगळी रुग्णालयं नाहीत. कोल्हापुरात सीपीआरसकट (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सरकारी आणि काही खाजगी रुग्णालयं त्यात आहेत. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. दाखल करायची वेळ आली तर पैसे भरायच्या आधी त्यांच्या टेबलावर जायचं आणि हा उपचार योजनेत बसतो का, हे विचारायचं. आधी भरून टाकलेलं बिल योजनेतून नंतर मागता येईल या भरवशावर राहू नका. मुलाचं नाव अजून कार्डावर चढलं नसेल तरी जन्मदाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं घेऊन विचाराच. १५५३८८ हा योजनेचा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये साठवून ठेवा. आणि सासूबाईंच्याही, कारण तुम्ही कामावर असताना बाळ त्यांच्याजवळ असणार आहे ना?

जोडीनं एक सांगते, हा विमा नाही पण मुलांचा हक्क आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, २०१३ पासून. जन्मजात दोष, काही आजार, पोषणाच्या उणिवा, वाढीतलं मागं राहणं हे ते बघतात आणि गरज असेल तर पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा मोफत होतात. हृदयाला छिद्र असलेल्या किती मुलांची शस्त्रक्रिया या वाटेनं होते. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

आता तुमचा मेडिक्लेम. कंपनीत परत जाल तेव्हा कार्ड नव्हे, पॉलिसीचा कागद मागा. दोन गोष्टी बघायच्या. नूतनीकरण कोणत्या महिन्यात आहे, आणि मुलांना घेता येतं का. कंपनी हप्ता भरायला तयार नसली तरी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापून मुलांची नावं घालायची सोय बऱ्याच ठिकाणी केली जाते. एकट्यानं मागण्यापेक्षा चौघी-पाच जणांनी मिळून मागा, तुमच्या ऑफिसात लहान मुलांचे आई-बाप आणखी असतीलच. गटाच्या पॉलिसीचा एक मोठा फायदा असतो, तिथं पहिल्यापासून असलेल्या आजारांना थांबायची मुदत सहसा नसते. ज्यांच्या पॉलिसीत कुटुंब आधीच आहे, त्या वाचकांनी लक्षात ठेवायचं ते हे: नवं बाळ आपोआप पॉलिसीत येत नाही. जन्मानंतर ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी महिन्याभरात, लेखी कळवावं लागतं. ती मुदत चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबा. बाळंतिणीच्या घरी त्या महिन्यात कोणाला दिवस-रात्र कळत नाही, म्हणून हे काम बाळाच्या बापानं किंवा मामानं आधीच अंगावर घ्यावं.

एजंटाला आज हो म्हणू नका. त्याची पॉलिसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मी ती पाहिलेली नाही. पण पाटल्या गहाण असताना आणखी पंचवीस हजार काढण्याआधी मोफतचे दोन रस्ते पूर्ण करा. शिवाय त्याला सरळ विचारा, ही आरोग्य विम्याची पॉलिसी आहे की मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवायची? आपल्याकडं ‘पोराचा विमा काढलाय’ असं म्हणणाऱ्या कित्येक घरांत ती आयुर्विम्याची बचत पॉलिसी असते. वीस वर्षांनी पैसे देणारी. ती चांगली असेल, पण दवाखान्याच्या काउंटरवर तिचा काही उपयोग नाही.

तरीही वर्षभरात, हात थोडा मोकळा झाला की, चौघांची मिळून एक स्वतःची आरोग्य पॉलिसी काढा असं मी नक्की सांगेन. कारण उद्या तुमच्या मिस्टरांचाही पगार २१ हजारांच्या पुढं जाईल, आणि जावाच. तेव्हा तुमच्या वेळी झालं तेच पुन्हा होईल. नोकरीतून आलेला विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी राहते. फक्त मुलांपुरती पॉलिसी बहुतेक कंपन्या देत नाहीत, बरोबर आई किंवा वडील लागतात, म्हणून चौघांची. काय घ्यावं कळत नसेल तर ‘आरोग्य संजीवनी’ बघा. विमा नियामकानं एप्रिल २०२० पासून सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना विकायला लावलेली ही पॉलिसी आहे. अटी सगळीकडं सारख्या, त्यामुळं फक्त हप्ता आणि कंपनीची सेवा यांची तुलना करायची. तीन महिने ते २५ वर्षांपर्यंतची अवलंबून मुलं तिच्यात येतात, तुमचं बाळ बसतं. दाव्यातला पाच टक्के भाग मात्र आपल्याला भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, एजंटानं जुन्या हिशेबानं आकडा सांगितला असेल तर पुन्हा विचारा. पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या आजाराला पैसे मिळत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं. म्हणून घरात कोणाला काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, एजंट ‘राहू दे’ म्हणाला तरी. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून नको वाटली तर परत करता येते.

तुमच्यासारखीच पण थोडी वेगळी घरं हे वाचत असतील, त्यांच्यासाठी चार ओळी. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आयांनो, मूल तुमच्याजवळ असलं तरी वडिलांच्या ईएसआयमधला त्याचा हक्क त्यामुळं संपत नाही. कार्ड आणि क्रमांक मात्र तुमच्याकडं हवा, तो मागून घ्या, गरज पडली तर वकिलामार्फत. भाची, पुतण्या, नातवंडं सांभाळणाऱ्यांनो, कायदेशीर दत्तक नसेल तर बहुतेक पॉलिसींत ते मूल बसणार नाही, म्हणून त्याचं नाव रेशनकार्डावर आणि आयुष्मान कार्डावर आहे ना हे आधी बघा. आणि कॉलेजातल्या पोरांच्या आई-बापांनो, २१ किंवा २५ वर्षं पूर्ण झाली की त्यांची नावं आपोआप गळतात, कोणी कळवत नाही.

आता घरातलं. तुम्ही लिहिलंय की दोघांत धड बोलणं नाही. मला वाटतं त्यांनाही अपराधी वाटत असणार. भट्टीसमोर उभं राहून कमावणाऱ्या माणसाला मुलीच्या ऑपरेशनसाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्याचं शल्य लहान नसतं. तुम्ही एकमेकांवर ज्याचा राग धरताय ती चूक दोघांपैकी एकाची नाही. एकाच्या कार्डावरून नाव निघालं त्या दिवशी दुसऱ्याला कोणी सांगितलं नाही, एवढंच झालं. पण मुलांचे कागद म्हणजे आईचं काम, ही सासूबाईंच्या बोलण्यातली समजूत मला मान्य नाही. ईएसआयचं काम मिस्टरांनाच करायचं आहे, एक दिवसाचा खाडा झाला तरी. ही विनवणी म्हणून न मांडता वाटणी म्हणून मांडा: कंत्राटदार आणि शाखा कार्यालय त्यांचं, शाळा आणि मेडिक्लेम तुमचं. आणि गारगोटीचं रेशनकार्ड सासऱ्यांनी बघावं. कार्ड त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या सहीशिवाय हलणार नाही, आणि आजोबांना नातवंडांसाठी तहसीलला जायला सांगितलं तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

तुमची रजा संपायच्या आत ईएसआयच्या कार्डावर मुलांची नावं यायला हवीत, बाकीचं मागं-पुढं झालं तरी चालेल. शाळेच्या अर्जाचं काय होतं ते मला कळवा. मुख्याध्यापकांनी योजना माहीत नाही म्हणून सांगितलं तर तेही कळवा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं कसं जायचं ते पुढच्या वेळी लिहीन.